बजेट नव्हतं म्हणे!

आज डोकं फिरलंय आणि पोस्ट लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा, मी राग मानणार नाही. (मानेन. पण बोलून दाखवणार नाही.)

भाचा आणि त्याची गँग दुपारपासून माझ्याकडे पडीक होती. नाताळची सुट्टी, त्यांच्यातल्या एकाचा चिमुकला प्रोजेक्टर, माझ्या हॉलची पांढरी भिंत आणि मी तळलेले बटाटेवडे. ठरलं होतं हॉरर बघायचा, तोही सणावाराचा, आणि मला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की बँकेच्या काउंटरमागे जन्म काढलेल्या या बाईला पडद्यावरचा चांगला खून म्हणजे जीव की प्राण. तर पोरांनी लावला काय, 'सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट टू'. १९८७ चा.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनीही त्यातली एक क्लिप बहुतेक पाहिलेली असते. एक धिप्पाड तरुण दिवसाढवळ्या स्वच्छ रस्त्यावरून पिस्तूल घेऊन चाललाय, एक माणूस कचऱ्याचा डबा बाहेर आणतोय, हा भुवया उडवून 'गार्बेज डे!' असं ओरडतो आणि त्याला गोळी घालतो. पोरांनी त्या एका मीमसाठी अख्खा सिनेमा लावला होता आणि पहिल्या मिनिटापासून खिदळत होती. खिदळा बापडे. मलाही हसू आलं, नाही कशाला म्हणू. पण संपल्यावर मी एवढंच म्हटलं की किती आळशी सिनेमा आहे रे हा, तर भाचेराव वडा तोंडात कोंबून म्हणतात, "मावशी, तू पण ना, किती सिरियसली घेतेस, बजेट नव्हतं गं त्यांच्याकडे."

बजेट नव्हतं!

उशिरा आलेला माणूस 'ट्रेन लेट होती' म्हणतो ना, तसं आहे हे. कुणी उलट विचारत नाही, कारण ट्रेन कधी कधी खरंच लेट असते. आणि मग प्रत्येक ढिसाळ नाटक, प्रत्येक अर्धवट शॉर्टफिल्म, प्रत्येक वेबसिरीज याच एका वाक्याखाली लपते आणि आपण समजूतदार लोक मान डोलावतो.

आधी सांगते त्या सिनेमात काय आहे, म्हणजे तुम्हीच ठरवा. रिकी नावाचा तरुण वेड्यांच्या इस्पितळात बसलाय. समोर डॉक्टर, मध्ये टेपरेकॉर्डर. डॉक्टर विचारतो, हा सांगतो. काय सांगतो? आपल्या मोठ्या भावाची गोष्ट. म्हणजे १९८४ सालच्या पहिल्या सिनेमाची गोष्ट. आणि ती दाखवायला त्यांनी काय केलं, तर पहिल्याच सिनेमाची रिळं कापून इथे जोडली. एखाददुसरा सीन नाही हो, जवळपास अर्धा सिनेमा! तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्धा वेळ मागचाच सिनेमा. बरं, सांताच्या वेशातल्या माणसाने आई-बापाचा खून केला तेव्हा सांगणारा हा रिकी तान्हं बाळ होता, आणि मोठा भाऊ खेळण्यांच्या दुकानात माणसं मारत होता तेव्हा हा तिथे नव्हताच, तरी सगळं कसं डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगतोय. नंतर त्याच्या स्वतःच्या कहाणीत काय तर लाल रंग दिसला की याचं डोकं फिरतं. लाल दिसलं, मार. संपलं पात्र. शेवटी अनाथाश्रमातल्या ज्या ननकडे सूड घ्यायला जातो तिच्या घराचा नंबर ६६६. भिंतीवर सैतानाचा फोटो तेवढा लावायचा राहिला.

आता माझी ती चाळीची गोष्ट. जुन्या लोकांनी ऐकलेली आहे, परत ऐका.

गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं. मूर्ती, मांडव, प्रसाद, भजनीबुवांचं मानधन वगैरे सगळं उरकून वर्गणीतले जे काय चिल्लर पैसे उरायचे ते नाटकाला. अप्पा म्हणून होते तळमजल्यावरचे, वायरमन, लेखक-दिग्दर्शक-लाइटवाले सगळं तेच. एका वर्षी त्यांनी रहस्यनाट्य लिहिलं. खून कुणाचा? घरमालकाचा. (टाळ्यांची सोय तिथेच झाली.) तर हा घरमालक कर्रकर्र वाजणाऱ्या कोल्हापुरी वहाणा घालून फिरतो आणि पहिला अख्खा अंक येतो काय, भाडं मागतो काय, जातो काय, सारखं कर्र, कर्र, कर्र. सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली, मग तो आवाज कुणाला ऐकूही येईना. पहिल्या अंकाच्या शेवटी खून. दुसऱ्या अंकात प्रेताबद्दल सगळे बोलतायत आणि एकदम लाइट जातात. फक्त स्टेजचे नाही, अख्ख्या चाळीचे, अप्पांनी जिन्याखालचा मेन स्विचच ओढला होता. आणि त्या काळोखात प्रेक्षकांच्या मागून, वरच्या लाकडी गॅलरीतून आवाज येतो. कर्र. कर्र. थांबतो. कर्र.

त्या वहाणांत मी होते. दहा-अकरा वर्षांची, पुढे चिंध्या कोंबून वहाणा पायात बसवलेल्या.

आणि त्या चालण्याची अप्पांनी जी तालीम घेतली ती मला आजही पाठ आहे. मी आपली भुतासारखं हळूहळू पाय ओढत चालायची, तर ते खेकसायचे, "तुला भूत व्हायचं नाहीये गं, तुला भाडं मागायला आलेला माणूस व्हायचंय!" म्हणजे चार पावलं, दारासमोर थांब. परत चार पावलं, पुढच्या दारासमोर थांब. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आता आपल्या दाराशी आलाय. त्या रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भर नाटकात मोठ्यांदा रामरक्षा म्हणायला लागल्या. खर्च किती आला याला? वहाणा अप्पांच्या स्वतःच्या, काळोख फुकटचा.

म्हणून मला 'बजेट नव्हतं' सांगू नका.

आणि हे काही आमच्या चाळीतलंच कौतुक नाही. १९७८ चा 'हॅलोवीन' घ्या. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरकडे साधारण तीन लाख डॉलर होते, हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचे पैसे. (हो, तेव्हाचे तीन लाख म्हणजे आपल्यासाठी बरेच, ठीक आहे, मान्य.) गोष्ट घडते इलिनॉयमध्ये ऑक्टोबरच्या पानगळीत आणि शूटिंग चाललंय कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत, झाडं हिरवीगार. मग काय केलं? पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरली आणि पुढच्या शॉटला परत पसरली. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्याही आत आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टनचा रबरी चेहरा, त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. संगीतही कार्पेंटरने स्वतःच बडवलं. रक्त तर जवळजवळ नाहीच. आणि तरी तो माणूस नुसता कुंपणापलीकडे दिवसाउजेडी उभा राहिला तरी पोटात गोळा येतो, का, तर त्याला कुठे उभं करायचं आणि किती वेळ, याचा कुणीतरी डोकं लावून विचार केलाय. चार पावलं, थांब.

त्याच्याही आधी १९७४ साली कॅनडात 'ब्लॅक ख्रिसमस' झाला. मुलींचं हॉस्टेल, नाताळची सुट्टी, एकेक जण घरी निघालीय, आणि खुनी वर पोटमाळ्यावर. त्याच्या नजरेतून घर दिसावं म्हणून कॅमेरामनने कॅमेरा अंगावर बांधला आणि स्वतः भिंतीवर चढला. पहिली मुलगी मरते ती चेहऱ्यावर प्लॅस्टिक गुंडाळलेल्या अवस्थेत पोटमाळ्यावर खुर्चीत बसून राहते, खाली सगळे तिला शोधतायत, बाप तिची वाट बघत ताटकळतोय, पोलीस येतायत जातायत, आणि वर मान करून कुणी बघत नाही. आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नाही. प्लॅस्टिकला पैसे किती पडले असतील?

आणि आपले रामसे? सात भाऊ, कुणी कॅमेरा, कुणी एडिटिंग, कुणी साउंड, कुणी दिग्दर्शन, १९७२ साली महाबळेश्वरला जाऊन घरच्या घरी भयपट उभा केला. पुढे त्यांनीही तेच तेच उगाळलं, हेही खरं. पण उगाळलं तरी दरवेळी नव्याने शूट तरी केलं हो! जुनंच रीळ परत लावून 'पार्ट टू' नाही म्हणाले.

बरं, या 'पार्ट टू'च्या पोटात दुखणं काय आहे ते सांगते, कारण पोरांना ते माहीतच नव्हतं. पहिला सिनेमा अमेरिकेत लागला नोव्हेंबर १९८४ मध्ये, तर सांताक्लॉज कुऱ्हाड घेऊन धुराड्यात शिरतोय अशी जाहिरात बघून आईबाप खवळले, थिएटरांबाहेर निदर्शनं झाली, टीव्हीवरच्या समीक्षकांनी सिनेमा बनवणाऱ्यांची नावं वाचून दाखवत 'लाज वाटू द्या' केलं, आणि स्टुडिओने घाबरून जाहिराती आणि मग सिनेमाच मागे घेतला. म्हणजे नाव झालेलं, बदनामी झालेली, पण माल बाजारात फारसा फिरलेला नाही. निर्मात्यांनी हिशेब केला की तोच माल परत काढू. मूळ बेत तर असा होता की नवीन काही शूटच करायचं नाही, पहिल्याचंच इकडचं तिकडे करून दुसरा म्हणून खपवायचा. दिग्दर्शक ली हॅरीने हट्ट धरून थोडं नवीन शूट केलं. त्याबद्दल त्याला हात जोडते, तेवढं श्रेय त्याचं.

पण मग बजेट नव्हतं असं कुठे झालं? नियत नव्हती. पैसे कमी असणं आणि समोरच्याला मूर्ख समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी बँकेत बसून दोन्ही प्रकारची माणसं बघितलीयेत, फरक कळतो मला.

आणि गंमत बघा, त्या 'पार्ट टू'मधला सगळ्यात चांगला सीन कुठला? पहिल्यातून उचललेला. आजोबा. इस्पितळात खुर्चीत बसलेला म्हातारा, बोलत नाही, हलत नाही, कुणाला ओळखत नाही. मुलगा-सून डॉक्टरशी बोलायला आत जातात, पाच वर्षांचा नातू, म्हणजे रिकीचा तो मोठा भाऊ, एकटा त्याच्यापाशी राहतो, आणि आजोबा हळूच मान वळवून बोलायला लागतात. की नाताळची रात्र वर्षातली सगळ्यात भीतीदायक रात्र, सांता वाईट मुलांना शिक्षा करतो. आईबाप परत येतात तेव्हा म्हातारा पुन्हा दगड. एक खुर्ची, एक म्हातारा, एक पोर! रक्ताचा थेंब नाही. भाच्याची गँग या एका सीनला हसली नाही, मी बघत होते, चटणीचा हात तसाच राहिला एकाचा. आणि त्याच पोराला मोठा झाल्यावर दुकानात सांताचाच ड्रेस घालून उभं करतात, ज्याला बघून त्याची आयुष्यभर गाळण उडाली तेच कपडे अंगावर. काय कल्पना आहे! पहिला सिनेमा काही थोर नाही, पुढे त्यातही नुसती कापाकापीच आहे, पण ही कल्पना खरी होती. दुसऱ्याने तिचं काय केलं, तर लाल रंग. अप्पांनी दुसऱ्या अंकात घरमालकाच्या वहाणांऐवजी पहिला अंक परत करून दाखवला असता तर चाळीने वर्गणी परत मागितली असती.

आता जरा वेगळं बोलते. मघाशी भांडी घासताना मनात आलं.

तो रिकी झालेला मुलगा, एरिक फ्रीमन. सगळं जग त्याच्या भुवयांना हसतं. प्रत्येक वाक्याला भुवया वर, प्रत्येक शब्दावर जोर, हसतो तोही ओरडून. वाईट अभिनय आहे, वादच नाही. पण मी आज नीट बघितलं, त्या अख्ख्या सिनेमात जीव तोडून काम करणारा तोच एक जण आहे. बाकीच्यांनी कात्री चालवली, त्याने घाम गाळला. त्याला कुणी सांगितलंच नसेल ना, की अरे इथे थांब, इथे कमी कर, तू राक्षस नाहीयेस, तू भाडं मागायला आलेला माणूस आहेस. मला अप्पा मिळाले, त्याला मिळाले नाहीत. पुढे तो सिनेमातून बाजूला झाला आणि त्याच्या एका वाक्यावर फिदा झालेले लोक कितीतरी वर्षं त्याला शोधत राहिले. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला लागलंय, हे लिहिताना जास्तच. पोरांनो, त्याला कमी हसा. ज्यांनी तुमचा अर्धा वेळ खाल्ला त्यांना हसा.

(बहिणीचा फोन येऊन गेला मध्ये, म्हणते एवढ्याशा गोष्टीवरून काय गं चिडतेस पोरावर. तिला ही पोस्ट टॅग करतेय.)

आता मुद्द्याचं, मी का एवढी पेटले. कारण सिनेमा संपल्यावर ही गँग मला सांगते की त्यांनापण एक सणाचा स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून पाडणारा भयपट, करायचाय, आपल्याकडचा, मोबाइलवर, शॉर्टफिल्म. मी खूश. म्हटलं कुठला सण, तर म्हणे अजून ठरलं नाही पण मुखवटा ऑनलाइन मागवलाय. मुखवटा आलाय, गोष्ट यायचीय! मी म्हटलं स्क्रिप्ट? तर म्हणे, "करू ना मावशी, बजेट कुठाय?" कागदाला बजेट लागतं का रे?

अरे, नाताळचा हॉरर तिकडे चालतो कारण तिकडे सण म्हणजे सामसूम. दुकानं बंद, रस्त्यावर बर्फ, हॉस्टेल रिकामं, किंकाळी मारली तरी ऐकायला कुणी नाही. आपल्याकडे उलटं. माझ्या लहानपणीचा नाताळ म्हणजे आमच्या शेजारची खोताची वाडी, दारोदार कागदी चांदण्या, कुलकुल्यांचा वास, आणि गल्लीत एवढी माणसं की खुन्याला वाट मागत जावं लागलं असतं. मुंबईत सण म्हणजे गर्दी आणि आवाज. मग तेच वापरा ना! धुळवड घ्या. सगळ्या जगात खुन्याला मुखवटा विकत घ्यावा लागतो, इथे अख्खं शहर फुकटात चेहरा बदलून फिरतं. आमच्या वेळी तो सिल्व्हर रंग फासायचे, सख्खा भाऊ समोर आला तरी ओळखू येत नसे. कपड्यावर लाल डाग पडलेला माणूस राजरोस जिना चढतोय, समोरून येणारी बाई त्याला बघून हसते, 'हॅपी होली' म्हणते. ढोल चालू आहे, कोण ओरडलं कुणाला कळणार? आणि मग दुपारी तीनच्या सुमारास, सगळे आंघोळ करून जेवून झोपलेले, तेव्हा मुंबई जी चिडीचूप होते ती वर्षातून एकदाच होते. सगळे धुऊन निघालेत आणि बिल्डिंगमध्ये एकच माणूस अजून रंगलेला आहे. तो दाराशी उभा आहे. सेफ्टी डोअरच्या जाळीतून म्हणतो, काकू, पाणी देता का प्यायला.

बघा, मलाच काटा आला. आणि रंगाचं पाकीट काय भावाने मिळतं?

भाच्याने मघाशी मेसेज केलाय, 'मावशी हे भारी आहे, हेच करूया, तू काकू होशील का.' होईन. अभिनयाचे पैसे घेणार नाही. पण आधी मला तो रंगवाला माणूस सकाळी दिसला पाहिजे, गर्दीत, हसताना, पोरांना फुगे भरून देताना, आणि एवढ्या वेळा दिसला पाहिजे की त्याच्याकडे लक्ष जायचं बंद होईल. ते लिहून आणा, हाताने लिहून आणा, मग कॅमेऱ्याचं बघू. ऑनलाइन मागवलेला मुखवटा परत करा, रिटर्नची मुदत असेल अजून.

आणि रक्तासाठी साखरेच्या पाकात खायचा लाल रंग घालणार असाल, म्हणजे तेच घालाल, मला ठाऊक आहे, तर ते माझ्या सोफ्यावर अजिबात चालणार नाही. बाहेर जिन्यात मरायचं. घरात मुंग्या होतात.